खांबांवरची कालवं

फाटकाचं कुलूप सुदेशने स्वतः काढलं आणि जानकीकाकीला आत या म्हटलं. वाडीतल्या बायका डबे, कोयत्या घेऊन तिच्या मागे उभ्या होत्या. कुणी हसलं नाही, पण हसू सगळ्यांच्या तोंडावर होतं.

दोन वर्षांपूर्वी याच सुदेशने मुंबईची नोकरी सोडून तोंडवलीच्या खाडीकाठी रिसॉर्ट काढला. पार ओहोटीच्या पाण्यापर्यंत सिमेंटचे खांब रोवून जाळी ठोकली. बायकांची कालवांच्या खडकाकडे जाणारी वाट बंद झाली. जानकी भांडायला गेली तेव्हा तो म्हणाला, कालवं खायची तर बाजारातून आणा. जन्मभर ज्या बाईने बाजारात कालवं विकली, तिला हे ऐकवायचं म्हणजे कमालच.

खाडीने त्याचं काही ऐकलं नाही. कालवाच्या पिल्लाला चिकटायला कठीण काहीतरी लागतं, मग तो खडक असो की सुदेशचा खांब. खांब शिंपांनी गच्च भरले. पाण्यात उतरलेल्या पाहुण्यांचे पाय चिरले, हात कापले. छिन्न्या घेऊन आलेले गडी रक्ताळून पळाले. पाहुणे येईनासे झाले, तेव्हा सुदेश जानकीच्या खळ्यात येऊन उभा राहिला. कालवं सगळी तुमची, पण खांब मोकळे करा, म्हणाला.

"कालवां काढतंय," जानकी म्हणाली. "पण वाट कायमची उघडी र्‍हवाक व्हयी."

त्याने वाडीसमोर कबूल केलं.

सुकती लागली, खाडीचं पाणी उतरलं, तशा बायका खांबांना भिडल्या. कोयतीच्या टोकाने वरची शिंप उडवायची, आतलं मांस डब्यात टाकायचं. पाणी चढायच्या आत डबे भरले. सुदेश खुशीत खांब बघायला उतरला. प्रत्येक खांबावर खालच्या शिंपा तशाच घट्ट बसलेल्या. आता उघड्या पडल्याने धार आणखीच तिखट.

"काकी, ह्यो शिंप्यो कित्याक ठेवल्यास?" त्याचा आवाज चिरका झाला.

जानकीने पदराने हात पुसले. तिला त्याची जराही कीव आली नाही.

"खालची शिंप कोणच काढणा नाय, सुदेशा. फुडच्या वर्साची कालवां तिच्यारच धरतत. तुझी आई माझ्याबरोबर जल्मभर अशीच काढी. तिच्या वाटेर कोणी कधी फाटक घालूक नाय."