टाच बाहेर

"टाच बाहेर!" बाप ओरडला, पण तोवर ती सायकलसकट डाव्या अंगावर आडवी झाली होती.

ही सातवी वेळ. कोपराचं सालटं पहिल्या तीन वेळांतच गेलं होतं, आता आतलं मांस सिमेंटवर घासत होतं. दोन्ही बूट अजून पेडललाच चिकटलेले. उताण्या पडलेल्या झुरळासारखी ती धडपडत होती आणि बाप वरून बघत होता.

त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान पुढे, रस्त्याला लागून. मागे हे सिमेंटचं अंगण आणि त्यापलीकडे घराचं दार. आज दुकान बंद ठेवून तो लेकीला नवे पेडल शिकवत होता. बुटाच्या तळाला एक लोखंडी पट्टी असते, ती पेडलमध्ये दाबली की खटकन बसते आणि टाच बाहेर मुरडली की सुटते. सांगायला सोपं. फक्त पाय सोडवायचा तो थांबायच्या आधी, थांबल्यावर नाही, कारण थांबलेली सायकल कुणासाठी उभी राहत नाही. त्यातून बापानं पेडलची स्प्रिंग पान्यानं पार शेवटपर्यंत आवळून ठेवलेली. ऐन शर्यतीत पाय निसटला तर दात घशात जातील, असं त्याचं म्हणणं. दात अर्थात तिचे होते.

परवा सायकल शर्यतीची निवडचाचणी व्हायची होती. निवड झाली की तीन वर्षं होस्टेल, दुसऱ्या गावात. ज्याला या पेडलमधून पाय काढता येत नाही त्याला तिथे मैदानात उभंसुद्धा करत नव्हते. शर्यत आवडते की नाही हे तिचं तिलाही नीट ठाऊक नव्हतं. दुसरं गाव आवडेल, याची मात्र तिला बालंबाल खात्री होती. कुठलंही चाललं असतं.

"स्प्रिंग थोडी सैल करा ना, बाबा."

"सैल तुझं डोकं आहे."

त्याच्या हातात जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी होती. ती लेकीच्या पोटरीवर बसली, त्याच जागी पुन्हा बसली. मारूनमुटकून वैद्यबुवा होत नाही म्हणतात, पण या माणसाचा म्हणींवर विश्वास नव्हता. त्यानं तिला दंडाला धरून उभं केलं, सायकलवर चढवलं आणि पाठीत धक्का देऊन सोडलं.

एक फेरी झाली. वळून ती परत आली तसा तो मध्येच आडवा आला आणि त्यानं हँडल धरलं. सायकल जागच्या जागी थांबली. तिनं टाच मुरडली, पाय हलला, सुटला नाही. आठवी वेळ. या खेपेला हनुवटीही आपटली. ती पडल्या पडल्या त्यानं तिच्या मांडीवर लाथ घातली. पाय अडकलेल्या माणसाला लाथ मारायला नेमही धरावा लागत नाही.

"चढ."

ती चढली. रडायचं तिनं पाचव्या वेळेलाच सोडून दिलं होतं.

नवव्या खेपेला ती अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला होती, तेव्हा घराचं दार उघडून आई बाहेर आली. एका हातात कोमट पाण्याचं भांडं, दुसऱ्या हातात कापूस.

"अहो, रक्त येतंय तिला."

"तू आत जा."

"कोपर पुसते आणि जाते. दोन मिनिटं."

भांडं उडालं ते थेट भिंतीवर. मागोमाग थप्पड. आईचं डोकं दाराच्या चौकटीवर आदळलं, त्याचा आवाज अंगणभर गेला. तिचा ओठ फुटला. दुसऱ्या थपडेसाठी त्याचा हात वर गेला.

तो खाली आला नाही. मनगट लेकीच्या मुठीत होतं.

पलीकडे सायकल भिंतीला धडकून पडली होती आणि मागचं चाक अजून फिरत होतं. लोखंडी तळव्यांचे बूट घालून, घसरत घसरत, एवढं अंगण ती कशी धावली ते तिला कळलं नव्हतं. कोपराचं रक्त तिच्या हातावरून त्याच्या हातावर उतरत होतं. ब्रेक दाबून दाबून तिची मूठ पक्की झाली होती, ती त्याला सोडवेना.

बाप तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो तिच्या बुटांकडे बघत होता.

"सुटले," तो म्हणाला. राग कुठल्या कुठे गेला होता. "दोन्ही. एकदम." त्याला आनंद झाला होता, अगदी मनापासून.

"हात खाली करा, बाबा."

"कसे काढलेस?"

"मला नाही माहीत."

"तेच तर. विचार केला नाहीस म्हणून निघाले." मोकळ्या हातानं त्यानं सायकलकडे बोट केलं. "पुन्हा करून दाखव. एकदा अंगात बसलं की परवा अडायचं नाही."

आणि त्यानं आईकडे पाहिलं.

त्या बघण्याचा अर्थ लेकीला कळायला थोडा वेळ लागला. आईला आधीच कळला होता. कोपरासाठी आणलेल्या कापसानं तिनं स्वतःचा ओठ टिपला. गालावर आलेले केस कानामागे सारले आणि चौकट सोडून ती एक पाऊल पुढे आली.

"सोड त्यांचा हात," ती लेकीला म्हणाली. "बस सायकलवर."

लेक हलली नाही.

आई मग नवऱ्याकडे वळली. आवाज रोजचाच, जेवायला वाढू का विचारावं तसा.

"अहो, मारा. पोरीला परवा जायचंय."