नंबर मैदानात

डबी निघता निघत नव्हती. दाजींनी नव्या ड्रोनच्या पाठीवरून ती शेवटी उचकटली, जुन्या ड्रोनवर ठेवली आणि चिकटपट्टीचे वेढे दिले.

“झालं. आता हा म्हणजे मी,” जुन्या ड्रोनकडे बोट दाखवत ते म्हणाले, “आणि तो नवा म्हणजे कुणीच नाही.”

काडेपेटीएवढी ती डबी. नवा नियम आल्यापासून प्रत्येक ड्रोनमालकाला ती लावावी लागे. ड्रोन हवेत गेला की डबी त्याचा नंबर सांगायची, तो कुठे उडतोय ते सांगायची आणि रिमोट धरलेला माणूस कुठे उभा आहे, तेही. परवाने देणाऱ्या कार्यालयातल्या नकाशावर दोन ठिपके दिसत. हिरवा ड्रोनचा, निळा माणसाचा. घरी दाजींच्या बायकोच्या, म्हणजे ताईच्या, फोनवरही ते दिसत, कारण दाजींच्या कामांच्या वेळा तीच सांभाळायची.

नियमाला कोण नावं ठेवणार? पण नियमाबरोबर नकाशावर लाल पट्टे आले. तिथे उडवायची बंदी, आणि पट्टे तर वाढतच चाललेले. छपरं, टॉवर, जमिनीच्या हद्दी मोजून पोट भरणाऱ्या दाजींचं निम्मं शहर लाल झालं. दोनदा ते नकळत पट्ट्यात शिरले, दोनदा नोटीस आली. तिसरी आली की परवाना रद्द. पन्नाशीच्या माणसाने मग करायचं काय, हे नोटिशीत लिहिलेलं नव्हतं.

आणि आता काम आलं होतं ते जुन्या दगडखाणीचं. भर लाल पट्ट्यात. दुसरं कामच नव्हतं.

“नीट ऐक, घोळ्या,” दाजी म्हणाले. ताईच्या या धाकट्या भावाला घरात सगळे याच नावाने हाक मारत, आणि चाळिशीपर्यंत त्याने ते नाव घाम गाळून कमावलं होतं. “मी सोडतो तिथे मैदानात उभा राहा. हा उडवत ठेव. खाणीवर ड्रोन दिसला म्हणून कुणी तक्रार केलीच, तर मी म्हणणार, माझा नंबर मैदानात होता, विचारा तुमच्याच नकाशाला. कळलं?”

“कळलं.”

“बॅटरी बदलायला तेवढा उतरवायचा. फोन रिमोटला लावलेला असतो, म्हणून कुणाचा आला तरी घ्यायचा नाही. चित्र गेलं की तू ड्रोन झाडात घालशील. ब्रह्मदेवाचा फोन आला तरी नाही.”

“तुमचा आला तर?”

“माझाही नाही. मी स्वतः येईन तोवर जागचं हलायचं नाही.”

“आणि ताईला काय सांगू?”

“तिला एक अक्षर नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

मैदान शहराच्या या टोकाला, खाण त्या टोकाला. गाडीने जायचं तर तास मोडायचा. म्हणूनच दाजींनी मैदान निवडलं होतं. जितकं लांब तितकं बरं.

दाजी गेले. ते खाणीवर पोचले असतील अशा बेताने, तासाभराने घोळ्याने ड्रोन वर नेला आणि मैदानाच्या मधोमध टांगल्यासारखा धरून ठेवला.

एकदा त्याने अख्ख्या पुलाचं चित्रण पुसून टाकलं होतं. एकदा गाडीच्या टपावर बांधलेली शिडी भर रस्त्यात सोडून आला होता. दाजींनी त्याला कधी हाकललं नाही. ते नुसते हसायचे, आणि त्या हसण्याची त्याला शिव्यांपेक्षा जास्त लाज वाटायची. आज घोळ घालायचा नाही, असं त्याने मनाशी घट्ट ठरवलं होतं.

पहिली बॅटरी संपली. त्याने दुसरी घातली, ड्रोन पुन्हा वर. तेवढ्यात पडद्यावर नाव आलं, दाजी.

अंगठा पुढे गेला आणि थबकला. त्याला हसू आलं. परीक्षा घेतात होय! त्याने फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. आपला आपल्यालाच अभिमान वाटला.

मग ताईचे सुरू झाले. येताना साबण आण म्हणत असणार. ताईचं हे नेहमीचंच, एकदा उचलला नाही की उचलेपर्यंत पिच्छा सोडायची नाही. निरोपही येऊ लागले. चित्र झाकलं जात होतं म्हणून त्याने ते न वाचताच बाजूला सारले.

मान आखडली. लघवीला लागली होती, पण निळा ठिपका हलला तर? तो दात आवळून उभा राहिला. हे काम झालं तरी पुढचं कुठून येणार, हे त्याला ठाऊक नव्हतं, दाजींनाही नव्हतं. आजचा दिवस निभावला तर परवाना तेवढा राहील, एवढाच हिशेब होता.

शेवटची बॅटरी अर्ध्यावर आली आणि मैदानाच्या कडेला गाडी वळली. पांढरी, टपावर दिवा.

चोराच्या मनात चांदणं. कार्यालयाची गाडीही अशीच असते. पण आता ड्रोन उतरवला तर संशय येणार. त्याने वाक्य जुळवलं, ‘नमस्कार साहेब, मी मदतनीस. दाजी आत्ताच दुकानात गेलेत, येतीलच.’ गाडी थेट त्याच्याच रोखाने येत होती. ड्रोन तसूभर हलला नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम केलं होतं.

गाडी थांबली. दार उघडून ताई उतरली, अनवाणी, फोन पुढे धरून. तिच्यामागून दोघांनी स्ट्रेचर ओढून काढलं.

“इथेच! ठिपका इथेच दाखवतोय,” ती धावता धावता मागच्यांना ओरडून सांगत होती. “पडलोय, रक्त थांबत नाही, एवढंच म्हणाले आणि आवाज बंद झाला. बरं झालं बाई, हा नंबर तरी होता!”