पंखाच्या मुळाशी

जेट विमानाच्या वीतभर प्लास्टिकच्या प्रतिकृतीवर त्याने कोळशाची पूड कापसाने हळुवार घासली. विमान युद्धातून परतल्यासारखे काजळले.

“किती वेळा उडालं हे?” दारातून वडिलांनी विचारले. विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते क्वचितच बोलत. तिथे त्यांनी आयुष्यभर काय केले, हे विचारण्याचा धीर त्याला कधी झाला नव्हता.

“दोनदाच. महायुद्धातलं प्रायोगिक विमान.”

“मग एवढी काजळी कुठली रे? पूस ती. पंखाच्या मुळाशी रंग झिजव.”

“तिथे का?”

“उडवणारा एकच. महिनोन्महिने तिथे बुटांनिशी उभं राहून राबणारे आमच्यासारखे दहा.”

त्याने काजळी पुसली आणि ब्रश पुढे केला. “बाबा, तुम्ही नेमके कुठे उभे राहायचात?”

वडिलांनी चष्मा चढवला. ब्रश घेऊन पंखाच्या मुळाशी तिळाएवढे दोन करडे ठिपके उमटवले.

“हे माझे बूट,” म्हणत त्यांनी खुर्ची ओढली.