मबरूकाचं खातं

"नाही म्हणजे नाही," मबरूका म्हणाली आणि तिनं ओळखपत्र परत पिशवीत टाकलं.

इस्पितळाच्या खिडकीपलीकडे बसलेल्या इब्तिसामनं कपाळाला हात लावला. "मावशी, कायदा झालाय. प्रत्येकाचं आरोग्यखातं उघडायचंच. जन्मापासूनचे आजार, तपासण्या, ऑपरेशनं, सगळं त्यात. खातं नसेल तर तुमच्या शुगरच्या गोळ्या बंद."

"विकत घेईन. माझ्या पोटात काय झालं नि काय नाही, ते सरकारला कशाला हवं?"

"सगळं गुप्तच राहतं हो."

"असं? मग पाववाल्या तिजानीच्या पोरीला फिट येतात, हे तिच्या होणाऱ्या सासरी कुणी सांगितलं?"

रांगेत कुणीतरी खाकरलं. इब्तिसाम मान खाली घालून कीबोर्ड पुसू लागली. तिजानीच्या पोरीचं लग्न मोडलं होतं. या खिडकीत उघडलेलं खातं संध्याकाळपर्यंत महदिया गावच्या मासळीबाजारात पोचतं, हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी रांग पुढे सरकत होती. गोळ्या सगळ्यांनाच हव्या होत्या.

मबरूका तेवढी रांगेतून बाहेर पडली आणि ताठ मानेनं घरी गेली.

तिचा नवरा हेदी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. तो हाताचं तेल धुऊन काढत होता तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं.

"झकास केलंस," तो म्हणाला. "मीही नाही उघडणार. आपल्या घरातलं आपल्या घरात. बघू काय करतात ते!" त्यानं स्वतः पुदिन्याचा चहा केला आणि तिच्या पेल्यात मूठभर चिलगोजे टाकले. लग्नाला तीस वर्षं होत आली तरी तो तिच्या बाजूनं असा उभा राहायचा, आणि तिला अजूनही त्याचा अभिमान वाटायचा.

शुक्रवारी नणंद जेवायला आली. नजियाचं खातं पहिल्याच आठवड्यात उघडून झालं होतं.

"वहिनी, तू लपवतेस तरी काय?" कुसकुसमधला मासा निवडत ती म्हणाली. "तू वांझ आहेस हे तर बंदरावरची पोरंटोरंही जाणतात. दुसरा कुणी असता तर त्यानं कधीच तलाक दिला असता. माझा भाऊ म्हणून निभावलं."

"नजिया, गुपचूप जेव," हेदी म्हणाला.

मबरूकानं माशाचा आणखी एक तुकडा नणंदेच्या ताटात वाढला. गाव हेदीला देवमाणूस म्हणायचं. बायकोला मूल नाही, तरी टाकली नाही! बारशांना मबरूकाला बोलावणं येईनासं झालं होतं. बाळंतिणी तिला पाहून दार ओढून घ्यायच्या. एका वाक्यात ती सगळ्यांची तोंडं बंद करू शकली असती. ते वाक्य तिनं कधीच उच्चारलं नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी ती हेदीला हट्टानं स्फाक्स शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. दोघांची तपासणी झाली, कागद तिच्या नावावर निघाला. निकालाच्या दिवशी हेदीला काम निघालं, म्हणून ती एकटीच गेली. "बाई, तुमच्यात काही दोष नाही," डॉक्टर म्हणाला. "मूल होणार नाही ते तुमच्या नवऱ्याला."

परतीच्या बसमध्ये तिनं ठरवून टाकलं. बाईला लोक बोलतात, बाई सोसते. हेदीला बंदरावर कुणी हसलं असतं तर तो खचला असता. दारातच ती म्हणाली, "दोष माझ्यात आहे, हेदी. सोडायचं तर सोड मला."

 तो तिला जवळ घेऊन लहान पोरासारखा रडला. "अल्लाची मर्जी," एवढंच म्हणाला. त्या रडण्यावर ती आजवर जगली होती. खातं उघडलं असतं तर स्फाक्सचा निकालही त्यात आला असता, म्हणून तर ती सरकारशी भांडत होती.

हिवाळ्यात इंजिन उचलताना हेदीचा हर्निया अडकला. त्याला उचलून इस्पितळात नेलं आणि तडकाफडकी ऑपरेशन केलं. जीव वाचला. घरी सोडायच्या दिवशी मबरूका कागद घ्यायला खिडकीशी गेली.

"शेवटी उघडलंच बघा काकांचं खातं," इब्तिसाम म्हणाली. "ऑपरेशनआधी उघडावंच लागतं, विचारत नाहीत. जुनं सगळं आपोआप जोडलं गेलंय, पार लष्करातल्या नोकरीपासूनचं."

मबरूका खिडकीवर वाकली. "कुणी कुणी पाहिलं?"

"मी, आणि आता तुम्ही. बायकोला हक्क असतो मावशी." इब्तिसामनं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

स्फाक्सचा निकाल आलाय का, एवढंच तिला बघायचं होतं. तो नव्हता. एक जुना कागद होता, लष्करी दवाखान्याचा. गालगुंड झालं होतं, सूज वृषणांपर्यंत उतरली होती, मग तपासणी झाली होती. शेवटी लिहिलं होतं: मूल होण्याची शक्यता नाही, रुग्णाला स्पष्ट कल्पना दिली. खाली हेदीची सही होती. तारीख लग्नाच्या आदल्या वर्षीची होती.

मबरूकानं तारीख पुन्हा वाचली. मागे नजिया भावासाठी सुपाचा डबा घेऊन येऊन उभी राहिली होती.

"पडदा फिरव तिकडे," मबरूका इब्तिसामला म्हणाली. "त्याचं तू दाखवायला नको होतंस." मग तिनं पिशवीतून ओळखपत्र काढून खिडकीतून आत सरकवलं. "आता माझं उघड. स्फाक्सच्या डॉक्टरचा निकाल शोध आणि मोठ्यानं वाच. माझ्या नणंदेला जरा कमी ऐकू येतं."