नाल्यातली पारख

गाडी नाल्यात रुतली आणि पंजाबरावच्या कपाळावर आठी पडली.

"बैल घ्यायचा तरी गाऱ्यात जुंपून पाहातो आम्ही," तो म्हणाला. ही पिकअप विकत घ्यायला तो मलकापूरहून बसनं आला होता. "तुमची गाडी तं चारी चाकांनं ओढते म्हने. मंग मागचेच दोन काऊन फिरून राह्यले?"

स्टेअरिंगवर हरिओम होता. त्यानं गिअरजवळची छोटी दांडी मागं ओढली, पुढं ढकलली. मागची चाकं चिखल उडवत जागीच फिरली. पुढची हलली नाहीत.

काठावर हरिओमची आई, तानुबाई उभी होती. गाडी विकायची हा तिचाच हुकूम. सून गाडी चालवते म्हणून जळगाव जामोदच्या बाजारात कुणीतरी दात काढले, आणि तानुबाईनं पोळ्याच्या दिवशी पाच माणसांत सांगून टाकलं, ही गाडी आता या दारात राहणार नाही. पंजाबरावला निरोपही तिनंच धाडला.

"गाडीत खोट दिसते, काकू," पंजाबराव म्हणाला. "असं असलं तं सांगून विकावं लागते."

हे वर्मी लागलं. तानुबाईच्या गोठ्यातून गेलेला बैल आजवर कुणी परत आणून बांधला नव्हता.

"आमच्या घरची वस्तू खोटी नसते," ती म्हणाली. मग मागं न बघताच, "प्राची! जाय, दाखव त्यायले."

सून मागं बाभळीखाली उभी होती. पोळ्यापासून तिला चावीला हात लावायची बंदी होती. ती जागची हलली नाही.

"मी, आत्याबाई?"

"मंग काय मी चालवू? जाय म्हनलं ना!"

प्राचीनं चपला काढल्या, पदर खोचला आणि चिखलात उतरली. पण गाडीत बसली नाही. पुढच्या चाकाशी वाकली, चाकाच्या मधोमध असलेल्या गोल बटनावरचा चिखल पुसला आणि ते पिळलं. मग पलीकडच्या चाकाचं.

"हे लॉक केल्याबिगर पुढच्या चाकायले जोर जात नाही, भाऊ. दांडी कितीबी हालवा."

हरिओम खाली उतरला. "मले कवा सांगतलं तू?"

"दोनदा सांगतलं. तुमी मोबाईल पाहून राह्यले होते."

पंजाबराव खो खो हसला. तानुबाईनं तोंडाला पदर लावला.

प्राचीनं आत बसून डाव्या पायानं क्लच पुरता दाबला आणि छोटी दांडी शेवटच्या खाचेत घेतली. "ही दांडी गाडी थांबवूनच टाकाची. घाई केली तं आतले दात घासतात." गाडीनं एक हिसका खाल्ला. मग पोटुशी बाई पाण्यातून चालते तशी, एकेक पाऊल बघून टाकत, ती गाऱ्यातून बाहेर आली.

चढावर मध्येच प्राचीनं ती थांबवली. हॅन्डब्रेक ओढला आणि दोन्ही हात खिडकीबाहेर काढून दाखवले. पुन्हा तिथूनच उचलली. गाडी बोटभर मागं आली नाही. वर जाऊन वळवली आणि उतारावर सोडली. "ब्रेकवर पाय नाही, भाऊ! इंजिनच धरते तिले!" ती वरून ओरडली.

तानुबाई बघत राहिली. चार वर्षं ही पोरगी तिच्या घरात होती. चुलीशी पाहिली, धुण्याशी पाहिली. तिचा आवाज एवढा मोठा आहे, हे ठाऊक नव्हतं.

"कोनं शिकवलं तुले हे?" प्राची उतरल्यावर तिनं विचारलं.

"गाडीसंग पुस्तक आलं होतं. दुपारी तुमचा डोळा लागला की वाचत होती मी."

"काकू, झाली गाडी माही," पंजाबराव म्हणाला. "कागदं उद्या करू."

"थांब," तानुबाई म्हणाली. "हॅन्डब्रेक धरत नाही तिचा."

"आत्ताच तं चढावर थांबोली वहिनीनं!"

"इंजिन तापते."

त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला.

"मंग… डिझल लय पिते."

हरिओम आईकडं बघत राहिला. आपल्याच वस्तूला नाव ठेवताना त्यानं तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

पंजाबरावनं हसून हात जोडले. "तुमी पाच मानसांत बोलल्या, काकू. तुमचा शब्द मी काऊन खाली पडू देऊ?"

आता एकच वाक्य उरलं होतं, गाडी विकायची नाही. ते तानुबाईच्या दातांपर्यंत आलं. पण तोवर काठावर गावची चार टाळकी जमली होती, आणि चौघंही तिच्याच तोंडाकडं बघत होती. तिनं ते गिळलं.

चावी प्राचीनंच दिली. "पक्क्या सडकेवर लागले की चाकाचे बटनं पुन्हा सैल करजा, भाऊ. इसरू नका."

"हाव, बाई."

पंजाबराव गाडी घेऊन निघाला. पांदणीच्या वळणावर त्यानं गिअर बदलला. करकर असा आवाज शेतभर ऐकू आला.

प्राची काठावर अनवाणीच उभी होती. तिचा डावा पाय मातीत दाबला गेला, आणि तिकडं गिअर पडेपर्यंत तसाच दाबून राहिला.