इंग्रजीतलं बोलणं

आमटी वाढता वाढता श्रद्धानं नवऱ्याला, श्रीनिवासला, इंग्रजीत सांगितलं, की वृद्धाश्रमात नाव नोंदवलंय, पण सृष्टीची परीक्षा संपेपर्यंत आईंना इथंच राहू दे. शाळेतून आल्यावर पोरीपाशी कोणी तरी हवं, आणि मराठीचा अभ्यास काही मला घेता येत नाही. समोर सासूबाई, मथुराबाई, मुकाट भात कालवत होत्या. वर्ध्याच्या, चौथी शिकलेल्या. त्यांच्यादेखत या घरात काहीही बोलता यायचं.

धास्ती होती ती सात वर्षांच्या सृष्टीची. आईबाबांशी इंग्रजी, आजीशी मराठी. एका घासात इकडून तिकडे. जेवणं झाल्यावर श्रद्धानं तिला बजावलं, हे इंग्रजीतलं बोलणं आजीला मराठीत सांगायचं नाही. सृष्टीनं मान डोलावली.

तशी पोर पक्की. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी एकदा पत्ते लावायला दिले होते, आधी रंगानं, मग मध्येच आकारानं. बाकीची मुलं रंगालाच चिकटून बसली. ही एकदाही चुकली नाही. दोन भाषांची सवय, बाई म्हणाल्या, एक बोलताना दुसरी दाबून धरते. श्रद्धानं हे कौतुक हिंजवडीच्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं होतं.

आणि खरंच, पोरीनं ब्र काढला नाही. दुपारी तिचा आणि आजीचा शाळा-शाळा खेळ तेवढा चालू होता, जूनपासून चालायचा तसाच. सृष्टी बाई, आजी पाटी घेऊन बसलेली विद्यार्थिनी. म्हातारीचा वेळ बरा जातो, श्रद्धा म्हणायची.

परीक्षा सुरू असतानाच आश्रमातली खोली रिकामी झाली. आत्ता सोडली की गेलीच. शनिवारी सासूबाईंना सांगितलं, आठ दिवस हवापालट. त्यांनी उठून बोचकं काढलं. गोधडी, देव, सासऱ्यांचा फोटो, सगळं बांधलं. आठ दिवसांना एवढं कशाला, असं श्रद्धा बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. फार वेळ नाही.

येरवड्याच्या पुढं, आश्रमाच्या फाटकाशी गाडी थांबली. श्रीनिवास सही करायला आत गेला. सुटलो एकदाचे, श्रद्धाच्या मनात आलं.

मथुराबाईंनी पिशवीतून पाटी काढून तिच्या हातात दिली.

"पोरीले रागावू नको. तिनं काही नाही सांगतलं. मीच वर्षभर रोज तिले इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारत होती."

मग पदर सारखा करत म्हणाल्या, "पण तुमचं तर परीक्षा संपेपर्यंत ठरलं होतं ना? सोमवारी तिचा मराठीचा पेपर आहे."