सुयांची डबी

टक्! रिकाम्या स्वयंपाकघरात त्या पेनासारख्या यंत्राचा आवाज झाला आणि बोटावर रक्ताचा थेंब उभा राहिला. तिने तो साखर तपासायच्या पट्टीला लावला आणि आकडा दिसायच्या आत डोळे गच्च मिटून घेतले.

महिन्यापूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि चौतिसाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. याच दुखण्याने तिच्या आईची आधी नजर गेली होती आणि मग आईच गेली. तिच्यासारख्या कपडे शिवून घर चालवणाऱ्या बाईने नजरेशिवाय करायचं काय? पाच वर्षांच्या लेकीला मात्र तिने काही म्हणजे काही कळू दिलं नव्हतं, अगदी परवा लेकीने विचारलं तेव्हाही नाही.

"आई, तुझ्या बोटांवर हे ठिपके कसले गं?"

"शिवताना सुई टोचते, बयो."

"मग तिला चांगली ओरड ना!"

"ओरडते हं!"

आज सकाळी बटणं लावायला बसली, तर सुयांची डबी जागेवर दिसेना. सगळं घर पालथं घातलं, तरी दिसेना. 'डोळे गेले की काय माझे?' तिला वाटलं. म्हणून तर आज ती भरदिवसा, दार लावून घ्यायचंही विसरून, साखर तपासायला बसली होती.

डोळे उघडले, तर समोर लेक उभी. तिची नजर त्या बोटावर खिळलेली.


"सुयांची डबी तर मी कालच कुंडीत पुरून टाकली, आई. मग आज तुला काय टोचलं गं?"